डिस्चार्जच्या आदल्या रात्री

आईवडिलांपैकी कुणी दवाखान्यातून घरी येणार असेल, तर आदल्या रात्री सगळ्यात आधी त्यांच्या पलंगावर जाऊन आडवं व्हा. दिवे बंद करा, चष्मा काढून ठेवा आणि मग बाथरूमला जायला उठा. मी उठले तेव्हा आधी मोबाइलच्या चार्जरची वायर पायात आली, मग पायपुसणं सरकलं. बाथरूमच्या दिव्याचं बटण उघड्या दाराच्या मागे जातं, हेही इतकी वर्षं त्या घरात राहून तेव्हा पहिल्यांदा लक्षात आलं. जगभरात अपघाती इजांनी होणाऱ्या मृत्यूंत रस्त्यावरच्या अपघातांखालोखाल पडण्याचा क्रमांक लागतो आणि त्यात साठीपुढची माणसं सर्वांत जास्त असतात. त्यामुळे माझ्या यादीत पलंग ते बाथरूम हा रस्ता पहिला.

वायर भिंतीकडेला घ्या, सरकणारं पायपुसणं उचलूनच टाका, वाटेत रात्रभर जळणारा छोटा दिवा लावा. टॉवेलच्या दांडीला धरून उठता येईल असं समजू नका. ती टॉवेल पेलायला लावलेली असते, माणूस नाही. भिंतीत पक्का बसवलेला आधाराचा दांडा हवा, साधारण ८५ ते ९० सेंटिमीटर उंचीवर. कमोडवर बसल्यावर दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकले पाहिजेत. काठी घेणार असाल तर त्यांना चप्पल घालून ताठ उभं करा, हात सैल सोडायला सांगा. मूठ मनगटाच्या घडीशी आली की उंची बरोबर. घरात कुणाची तरी जुनी काठी पडलेली असते आणि तीच हातात दिली जाते. तसं करू नका.

आता गोळ्या. इथे घाई केली तर बाकीची सगळी तयारी वाया जाते. आमच्याकडे डिस्चार्जच्या कागदावर रक्तदाबाची एक गोळी लिहिलेली होती आणि घरच्या डब्यात बाबांची जुनी गोळी होतीच. कंपन्या वेगळ्या, पट्ट्यांचे रंग वेगळे, म्हणून चार दिवस दोन्ही दिल्या. पाचव्या दिवशी सकाळी बाबा पलंगावरून उठताना भोवंडले आणि मी धरलं म्हणून पडले नाहीत. मग दोन्ही पट्ट्या उजेडात धरून बारीक अक्षरं वाचली, तर औषध एकच! जुनी बंद करा असं कुणी सांगितलं नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मीही विचारलं नव्हतं.

म्हणून घरी निघण्याआधी तिथेच बसून एक कागद करा. औषधाचं मूळ नाव, मात्रा, वेळ, कशासाठी, किती दिवस, आणि आधीच्यांपैकी कोणतं बंद. बंद झालेल्या पट्ट्या डब्यातून नव्हे, घरातूनच बाहेर काढा. दुकानातून सहज मिळणाऱ्या सर्दीच्या किंवा झोपेच्या गोळ्याही विचारल्याशिवाय देऊ नका. म्हाताऱ्या माणसांना शक्यतो टाळायच्या औषधांची एक यादी मार्क बीअर्स या अमेरिकन डॉक्टरांनी १९९१मध्ये केली. ती आजही सुधारत ठेवली जाते आणि सर्दी-ॲलर्जीची जुनी, झोप आणणारी औषधं तिच्यात आहेत. त्यांनी भ्रमिष्टपणा येतो, लघवी तुंबते. सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांत पॅरासिटामॉलही असतं. तापाची गोळी वेगळी चालू असेल तर तेच दोनदा पोटात जातं.

रक्तदाब मोजायचं यंत्र आणा आणि पहिले काही दिवस आडवं असताना व उभं राहिल्यावर असा दोनदा मोजा. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २०ने किंवा खालचा १०ने उतरला तर डॉक्टरांना कळवा. उठताना मिनिटभर पाय खाली सोडून बसायची सवय लावायची. बाबा यावर चिडायचे, पण बसायचे.

चष्मा, दातांची कवळी, कानाचं यंत्र आणि त्याच्या बॅटऱ्या पलंगाशेजारीच ठेवा. समोर मोठं घड्याळ आणि तारीख दिसू द्या. दवाखान्यातून आलेल्या वृद्धांना दिवस-रात्र कळेनाशी होते, आणि त्यात दिसणं-ऐकणंही कमी असेल तर गोंधळ वाढतो. पण काल नीट बोलणारं माणूस आज असंबद्ध बडबडू लागलं किंवा हाक मारली तरी गुंगीतच राहिलं, तर ‘वय झालंय, चालायचंच’ म्हणू नका. विसरभोळेपणा महिन्या-वर्षांनी वाढत जातो. तासा-दिवसांत झालेल्या बदलामागे लघवीतला संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठता किंवा नवं औषध असू शकतं. त्याच दिवशी दाखवा.

कागदपत्रांचं फार लिहीत नाही. रिपोर्ट, ॲलर्जी, विमा, डॉक्टरांचे नंबर एका फायलीत, आणि ती फाइल कुठे आहे ते घरातल्या दोघांना तरी माहीत असावं. रात्री दोनला फोन कुणाला करायचा, कोणत्या लक्षणांना थांबायचंच नाही, हे डिस्चार्ज देणाऱ्या डॉक्टरांकडून लिहूनच घ्या. पुढे प्रकृती बिघडली तर कुठवर उपचार हवेत, हेही आईवडिलांना स्वतःलाच विचारा, बोलता येतंय तोवर. अवघड जातं. आम्ही दोनदा विषय काढून दोनदा सोडला, तिसऱ्यांदा तो बाबांनीच काढला.

आणि पाळ्या लावा. फोनवरून सल्ला देणारे भरपूर भेटतात, म्हणून रात्री उठणाऱ्याचं नाव वारासकट लिहून भिंतीला लावायचं. आमच्या दादाने आपलं नाव शनिवारपुढे पाहिलं आणि पुढचे दोन दिवस सूचना करणं बंद केलं.

हे सगळं करून बाबांना घरी आणलं, तर ते दारातूनच म्हणाले, पलंग खिडकीकडे हवा. मी आखलेला रस्ता चार पावलं लांबला. तेवढ्यासाठी एक दिवा आणखी आणला.