डिप्रेशन जास्त असेल तेव्हा थेरपीत काय करायचं, घरच्यांनी पण वाचा

आपल्या इंदूरच्या मराठी घरांत डिप्रेशन म्हटलं की सल्ला ठरलेला, "जरा सराफ्यात (रात्रीच्या खाऊगल्लीत) चक्कर मारून ये, बरं वाटेल". सांगणाऱ्याच्या मनात वाईट काहीच नसतं, पण ऐकणाऱ्याला वाटतं की मी नाटक करतोय असं ह्यांना वाटतंय.

घोळ तिथेच आहे. कोण का असं वागलं असेल, त्याच्या मनात काय असेल, आपल्या मनात काय चाललंय, ह्याचा अंदाज घेणं म्हणजे मेंटलायझेशन, आणि तो नुसता अंदाज आहे हे लक्षात राहणं पण त्यातच आलं. डिप्रेशन वाढलं की हे दुसरं आधी जातं, मग जे वाटतं तेच खरं. बेटमन आणि फोनागी ह्या दोघा तज्ज्ञांनी लंडनमध्ये १९९० च्या दशकात ह्यावर थेरपी बसवली, मुळात बॉर्डरलाइन पर्सनॅलिटीसाठी (भावना आणि नाती सतत टोकाला जातात तो विकार), पण डिप्रेशनमध्ये पण वापरतात.

झोप-जेवण पार बिघडलं असेल तर आधी सायकिअॅट्रिस्ट, गोळ्या लागल्या तर घ्यायच्या, अशा वेळी बालपण उकरत बसण्यात अर्थ नाही. मरणाचे विचार येत असतील तर पुढच्या सेशनची वाट बघू नका, टेली-मानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर १४४१६ रात्री पण चालतो.

सेशनला जाताना एक छोटा, ताजा प्रसंग घेऊन जा. समजा वहिनी चहा ठेवून न बोलता निघून गेली आणि तुमचं ठरलं की मी ह्यांना जड झालोय. चांगला थेरपिस्ट "नाही हो, तसं नसेल" म्हणणार नाही, तो म्हणेल थांबा, जरा मागे जाऊ, कप ठेवला तेव्हा तिचा चेहरा कसा होता, तुम्हाला आत काय झालं, आणि जड झालोय हे नेमकं कुठल्या क्षणी वाटलं? मग दुसरं काय असू शकतं ते दोघांनी मिळून शोधायचं. सुचलं नाही तर नाही, "माहीत नाही" एवढं तोंडातून आलं तरी त्या दिवशी भरपूर झालं. रडू फार आलं की हे थांबवायचं, कारण डोकं तापलेलं असताना दुसऱ्याचं मन कुणालाच दिसत नाही, धडधाकट माणसाला पण नाही.

थेरपिस्टलाच सगळं आधीपासून माहीत असेल तर मला शंका येते. आणि तुम्ही स्वतःवर तासभर छान छान बोललात पण आत काहीच हललं नाही, तर तेही त्याला सरळ सांगा.

घरच्यांनी "तू असा विचार का करतोस" हे बंद करा. त्याऐवजी "मी मघाशी बोललो ते तुला कसं लागलं?" विचारा, उत्तर आलं की लगेच खुलासा द्यायला धावू नका.