शेअर्ड होस्टिंगवर डेटाबेस बंद पडला तर काय करावं, आणि कशाला अजिबात हात लावू नये

दापोलीपासून मालवणपर्यंतच्या घरगुती निवासांच्या आणि आंबा बागायतदारांच्या साइट मी सांभाळतो. जवळजवळ सगळ्या वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये) आणि शेअर्ड होस्टिंगवर, म्हणजे एकाच सर्व्हरवर अनेकांच्या साइट, कारण एवढ्या धंद्याला स्वतंत्र सर्व्हर कोणाला परवडणार? ऐन एप्रिलात, पेट्या भरायची घाई चालू असताना फोन येतो, "अरे, साइटवर काहीतरी डेटाबेसचं येतंय. आमच्याकडे लाइट गेली होती, त्यामुळे का?"

नाही हो काका. तुमच्या घरची लाइट आणि साइट यांचा काही संबंध नाही. "एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन" हे वाक्य तुम्हाला दिसतंय, म्हणजे तुमचं नेट चालू आहे आणि दूरचा वेब सर्व्हरही उत्तर देतोय. फक्त त्याला डेटाबेस सापडत नाहीये. लेख, दर, ऑर्डरी सगळं त्या डेटाबेसात असतं. फाइली जागच्या जागी असतात, म्हणून "वर्डप्रेस पुन्हा टाकून बघा" हा सल्ला देणाऱ्याचा पुढचा सल्लाही ऐकू नका. "सगळे प्लगिन (वर्डप्रेसला जोडलेले जादा भाग) बंद करा" म्हणणाऱ्याला विचारा, कुठून? अ‍ॅडमिनचं पानही डेटाबेसशिवाय उघडत नाही, आणि चालू प्लगिनची यादीसुद्धा डेटाबेसातच असते.

आधी नंबर बघा

पडद्यावरचं वाक्य काहीच सांगत नाही. कारण एररच्या नंबरात असतं. सीपॅनेलच्या (होस्टिंगच्या नियंत्रण पानाच्या) फाइल मॅनेजरमधून डब्ल्यूपी-कॉन्फिग ही वर्डप्रेसच्या सेटिंगची फाइल उघडा, तिच्यात चुका टिपणारे डिबग आणि डिबग-लॉग चालू करा, डिबग-डिस्प्ले बंद ठेवा (गिऱ्हाइकाला आपलं पोट उघडून दाखवायचं नाही). साइट एकदा रिफ्रेश केली की डब्ल्यूपी-कंटेंट फोल्डरात डिबग-लॉगची फाइल तयार होते आणि तिच्यात चार आकडी नंबर मिळतो.

१०४५ म्हणजे युजरनेम किंवा पासवर्ड चुकतोय. कोणीतरी सीपॅनेलमधून पासवर्ड बदललेला असतो आणि कॉन्फिग फाइलमध्ये जुनाच राहिलेला असतो. १०४९ म्हणजे त्या नावाचा डेटाबेसच नाही. दोन्ही पाच मिनिटांची कामं.

२००२ म्हणजे डेटाबेस सर्व्हरपर्यंत पोचताच आलं नाही. एक तर तो खरोखर बंद आहे, नाहीतर होस्टचं नाव बदललंय. होस्टिंग कंपनी सर्व्हर हलवते तेव्हा मेल पाठवते, तो मेल मालकाच्या इनबॉक्समध्ये जाहिरातींखाली गाडलेला असतो. तो आधी शोधा. कॉन्फिग फाइलमधल्या लोकलहोस्टच्या (म्हणजे "याच सर्व्हरवर") जागी दुसरा पत्ता दिलेला असेल तर तो टाकला की झालं.

१०४० म्हणजे अख्ख्या सर्व्हरवर गर्दी झाली आहे. शेजारच्या कोणाच्या तरी साइटमुळे तुमची अडली, एसटीत दारात उभ्या राहिलेल्या माणसामुळे मागच्यांची अडते तशी. तुमच्या हातात काही नाही. १२०३ किंवा १२२६ मात्र तुमची स्वतःची मर्यादा संपल्याचं सांगतात. व्हॉट्सअ‍ॅपवर दरपत्रकाची लिंक फिरली, किंवा बॉट (आपोआप चालणारे प्रोग्रॅम) लॉगिनचं पान ठोकत बसले. कॅशिंग प्लगिन (तयार पान साठवून तेच दाखवणारा) लावलेला नसेल तर दर वेळी मला हेच दिसतं.

एक गोष्ट लक्षात ठेवा. सीपॅनेलमधून पीएचपीमायअ‍ॅडमिन (डेटाबेस आतून बघायचं साधन) उघडलं म्हणजे सगळं ठीक, असं नाही. ते सीपॅनेलच्या ओळखीने आत शिरतं, तुमच्या साइटच्या युजरने नाही. सर्व्हर जिवंत आहे एवढंच त्यावरून कळतं. जाता जाता डिस्कचा कोटाही बघून घ्या. तो भरला तरी साइट विचित्र वागते, आणि तो बहुतेक वेळा जुन्या बॅकअपनी आणि आंब्याच्या फोटोंच्या मेलनी भरलेला असतो.

दारावर पाटी लावा

डब्ल्यूपी-कंटेंटमध्ये डीबी-एरर नावाची पीएचपी फाइल ठेवली तर वर्डप्रेस ते भयाण वाक्य न दाखवता तुमची फाइल दाखवतं. तिच्यात पहिल्या ओळीत ५०३ चा हेडर ("सेवा सध्या बंद" असा संकेत) द्या, म्हणजे बंद तात्पुरतं आहे हे गूगलला कळतं. खाली साधं एचटीएमएल: "ऑर्डरी चालू आहेत, या नंबरवर व्हॉट्सअ‍ॅप करा." वर्डप्रेसची कुठलीही फंक्शन्स त्यात वापरू नका, त्या वेळी ती हजर नसतात. ही फाइल गणपतीच्या आधी आणि आंब्याच्या आधी तपासून ठेवावी.

तक्रार

होस्टिंग कंपनीला एवढंच लिहा: डोमेन, अकाउंटचं नाव, एररचा नंबर, पीएचपीमायअ‍ॅडमिन उघडतं की नाही, आणि बंद पडल्याची वेळ, "भारतीय वेळ" असं लिहून. बास. "लवकर करा, सीझन आहे" लिहून काही फरक पडत नाही, मी लिहून पाहिलंय.

आता खरा घोळ: बॅकअप परत टाकणं

बहुतेक वेळा डेटाबेस तासा-दोन तासांत आपोआप परत येतो, आणि आतलं सगळं शाबूत असतं. नुकसान होतं ते त्या दोन तासांत आपण जे करतो त्यामुळे. कंपनीच्या पॅनेलवर "रिस्टोअर" असं ठळक बटण असतं. दाबू नका. कालच्या रात्रीचा बॅकअप परत आला की आज सकाळपासूनच्या ऑर्डरी पुसल्या जातात. अगदीच दाबायची वेळ आली, तर आधी सध्याचा, मोडका का असेना, डेटाबेस एक्सपोर्ट करून स्वतःच्या लॅपटॉपवर घ्या.

यानंतर येतो तो प्रश्न, जो परदेशी मार्गदर्शकांत सापडत नाही, कारण त्यांची अक्षरं फुटत नाहीत.

देवगडकडच्या एका बागायतदाराची जुनी साइट मी घाईघाईत नव्या सर्व्हरवर नेली. साइट उघडली आणि मराठीच्या जागी कचरा: डोक्यावर तिरकी रेघ असलेला रोमन "ए", त्याला चिकटून गोल चलनचिन्ह किंवा येनची खूण, मग आणखी काहीतरी, आणि पानभर तेच. मला वाटलं डेटा गेला. मी डंप (अख्ख्या डेटाबेसची मजकूर फाइल) उतरवला आणि विंडोजवरच्या एका कन्व्हर्टरमधून फिरवला. मराठी परत आली! म्हणजे तसं वाटलं. "देवगड हापूस" नीट दिसत होतं, "पेटी" नीट होती. पण "सिंधुदुर्ग"मध्ये तीन चौकोन, "रत्नागिरी"त एक, "डझन"मधला झ गायब. शेकडो नोंदी मी हाताने सुधारल्या, आणि कारण कळलं ते नंतर.

कारण असं. यूटीएफ-८ या, सगळ्या लिप्या साठवणाऱ्या पद्धतीत देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइटचं असतं. मायएसक्यूएल या डेटाबेस सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांची मूळ सवय लॅटिन१ ची, म्हणजे फक्त रोमन अक्षरांच्या पद्धतीची होती, म्हणून बऱ्याच जुन्या साइटमध्ये मराठीचे हे तीन बाइट तीन वेगळी रोमन अक्षरं समजून ठेवलेले असतात. लिहिताना आणि वाचताना दोन्ही बाजू तीच चूक करत असतात, म्हणून साइट वर्षानुवर्षं नीट दिसते. नव्या ठिकाणी जोडणी यूटीएफ८एमबी४ ची (यूटीएफ-८ च्या पूर्ण प्रकाराची) झाली, की चूक एकाच बाजूला उरते आणि कचरा दिसतो. विंडोजच्या रोमन कोडपेजात (कुठला बाइट म्हणजे कुठलं अक्षर, त्या तक्त्यात) पाच जागा रिकाम्या आहेत, आणि हलंत, ऱ्हस्व उकार, ए, ऐ आणि झ यांचा शेवटचा बाइट नेमका त्या जागांवर येतो. म्हणून कन्व्हर्टरमध्ये हापूस वाचला आणि सिंधुदुर्ग फुटला.

तेव्हा रोमन कचरा दिसला तर घाबरू नका. डेटा शाबूत आहे. कुठलाही लेख उघडून सेव्ह करू नका. जुन्या आणि नव्या कॉन्फिग फाइलमधली डीबी-कॅरसेटची (अक्षरं साठवायची पद्धत सांगणारी) ओळ शेजारी ठेवून बघा. जुनीत जे असेल, रिकामं असेल तर रिकामं, तेच नवीत घाला. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त वेळा एवढ्याने मराठी परत येते.

कायमचा इलाज नंतर, सीझन संपल्यावर, डेटाबेसच्या प्रतीवर करायचा. रकाना आधी बायनरी करायचा (लाँगटेक्स्टचा लाँगब्लॉब, व्हारकॅरचा व्हारबायनरी) आणि मग यूटीएफ८एमबी४ चा मजकूर करायचा. मधली बायनरीची पायरी गाळून सरळ "कन्व्हर्ट टू" चालवलं तर कचराच पक्का होतो. डंपमध्ये शोधा-बदला करून अक्षरं दुरुस्त करण्याचा सल्लाही सर्रास मिळतो. तोही नको. वर्डप्रेसच्या सेटिंगमध्ये मजकुराची लांबी बाइटमध्ये नोंदलेली असते, ती चुकली की विजेट गायब होतात.

कचऱ्याऐवजी नुसती प्रश्नचिन्हं दिसली तर मात्र प्रकरण वेगळं आहे. कॅरसेटची ओळ बदलून एकदा बघा. तरीही प्रश्नचिन्हंच राहिली, तर लॅटिन१ च्या टेबलात खरी देवनागरी कोंबली गेली आणि सर्व्हरने प्रत्येक अक्षराच्या जागी एक प्रश्नचिन्ह ठेवलं. त्यातून मूळ अक्षर परत येत नाही, कोणीही कितीही पैसे घेऊन आणून देतो म्हणाला तरी. मूळ डंपकडे जा, नवा डेटाबेस यूटीएफ८एमबी४ मध्ये बनवा, डंपमधल्या टेबलांपुढेही लॅटिन१ लिहिलेलं नाही ना ते बघा, आणि इम्पोर्ट करताना फाइलचा कॅरसेट यूटीएफ-८ निवडलाय याची खात्री करा. नुसतं "यूटीएफ८" लिहिलेला जुना प्रकार तीन बाइटचा आहे. मराठीला तो पुरतो, पण आंब्याच्या इमोजीला चार बाइट लागतात.

इम्पोर्ट १२७३ नंबर देऊन थांबला तर नवीन मायएसक्यूएल ८ चं कोलेशन (अक्षरांची तुलना आणि क्रम लावायचा नियम) तुमच्या मारियाडीबीला (मायएसक्यूएलच्या भावंडाला) किंवा जुन्या मायएसक्यूएलला कळत नाहीये. डंपमध्ये ०९०० असलेलं ते नाव बदलून यूटीएफ८एमबी४_युनिकोड_सीआय करा. हा एकच शोधा-बदला मला मान्य आहे. तोही चांगल्या कोड एडिटरमध्ये, एक्सेलमध्ये नाही.

साइट परत आली की तिच्या शोधपेटीत "सिंधुदुर्ग", "डझन" आणि "ऐन" हे तीन शब्द टाकून बघा. मधल्या वेळच्या ऑर्डरी मेलमधून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून हाताने चढवा. कॉन्फिगमधला डिबग बंद करा, आणि ती लॉगची फाइल डिलीट करा, कारण पत्ता माहीत असलेल्या कोणालाही ती वाचता येऊ शकते.