काराबाख, बाकू, येरेवान: दक्षिण कॉकेशसच्या बातम्या वाचताना या चुका टाळा

मे 2025 मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, तुर्कस्तान आणि अझरबैजान उघडपणे पाकिस्तानच्या बाजूने बोलले. पुण्यातल्या फळव्यापाऱ्यांनी तुर्की सफरचंदं घेणं थांबवलं, अनेकांनी अझरबैजानची राजधानी बाकूच्या सहली रद्द केल्या. अझरबैजानचं शेजारच्या आर्मेनियाशी जुनं वैर, म्हणून त्याच आठवड्यात आपल्याकडे एक वाक्य घरोघरी पोचलं: 'आर्मेनिया आपला, अझरबैजान त्यांचा.' हे वाक्य अगदीच खोटं नाही, पण ते डोक्यात धरून पुढची बातमी वाचली की हिशेब जुळेनासा होतो. परराष्ट्र धोरणाच्या अभ्यासवर्गात मी हा प्रदेश काही वर्षं शिकवतो आहे. मुलं कुठे अडखळतात ते आता पाठ झालं आहे, त्यातल्या एका ठिकाणी मी स्वतःही चुकलो आहे.

धर्म पाहून बाजू ठरवू नका

सगळ्यात जास्त घात हीच चूक करते. आर्मेनिया ख्रिस्ती, अझरबैजान मुस्लिम, म्हणजे इकडे ख्रिस्ती देश आणि तिकडे मुस्लिम देश असा तक्ता मुलं वहीत आखतात. मग त्यात इराण बसवायला जातात आणि अडकतात. अझरबैजानची बहुसंख्य प्रजा शिया, इराणही शिया, तरी इराणची जवळीक आर्मेनियाशी. ऑक्टोबर 2022 मध्ये त्याने आर्मेनियाच्या स्युनिक प्रांतात, कापान गावी, वाणिज्य दूतावास उघडला. कारण समजून घ्या. इराणच्या वायव्य भागात अझेरी भाषिकांची मोठी वस्ती आहे, बाकू बलवान झालं तर त्यांच्यावर काय परिणाम होईल याची तेहरानला काळजी असते. आणि आर्मेनियाशी असलेली छोटीशी सीमा हीच इराणची कॉकेशसकडची जमिनीवरची अशी वाट, जी तुर्कस्तान किंवा अझरबैजानच्या हातात नाही.

आता इस्राएल पाहा. स्टॉकहोमच्या 'सिप्री' संस्थेच्या आकडेवारीनुसार 2016 ते 2020 या काळात अझरबैजानने आयात केलेल्या मोठ्या शस्त्रांपैकी 69 टक्के इस्राएलकडून आली. उलट दिशेने बाकूचं तेल जॉर्जियामार्गे तुर्कस्तानच्या जेहान बंदरात आणि तिथून इस्राएलला जातं. म्हणजे ज्यू राष्ट्र शिया देशाला शस्त्रं देतं आणि तो देश त्याला तेल पुरवतो. मधला जॉर्जिया तर आर्मेनियासारखाच प्राचीन ख्रिस्ती देश. पण तेलवाहिनी आणि बाकू-तिबिलिसी-कार्स रेल्वे या दोन्ही त्याच्या भूमीतून जातात, आर्मेनियाला वळसा घालून.

तक्ता आखायचाच असेल तर धर्माच्या जागी तीन रकाने करा: सीमा, वाट आणि ऊर्जा. निम्मे गोंधळ तिथेच सुटतात.

करारात लिहिलं आहे म्हणून मदत येईल, असं धरून चालू नका

माझी चूक ती इथे. 2020च्या शरद ऋतूत काराबाखवरून, म्हणजे अझरबैजानच्या हद्दीतल्या पण आर्मेनियन वस्तीच्या प्रदेशावरून, दोन देशांत युद्ध पेटलं तेव्हा मी वर्गात ठामपणे सांगितलं होतं की रशिया उतरेल. आधार भक्कम वाटत होता. आर्मेनिया रशियाच्या पुढाकाराने चालणाऱ्या सामूहिक सुरक्षा करार संघटनेचा सदस्य, आर्मेनियातल्या ग्युमरीत रशियाचा लष्करी तळ, आणि कराराच्या चौथ्या कलमात स्पष्ट लिहिलेलं, की एकावरचा हल्ला तो सर्वांवरचा.

रशिया उतरला तो 44 दिवसांनी, तोही शस्त्रसंधी घडवून सुमारे दोन हजार शांतिसैनिक पाठवण्यापुरता. त्याचा युक्तिवाद कायद्याला धरून होता: लढाई काराबाखमध्ये चालली आहे, काराबाख आंतरराष्ट्रीय मान्यतेनुसार अझरबैजानचा, म्हणून कलम लागू होत नाही. मी कलम वाचलं होतं, पण ते कुठल्या जमिनीला लागू होतं हे पाहिलं नव्हतं.

खरी कसोटी पुढे लागली. 13 सप्टेंबर 2022ला अझरबैजानने खुद्द आर्मेनियाच्या हद्दीत, जर्मुकच्या परिसरात मारा केला. येरेवानने, म्हणजे आर्मेनियाच्या सरकारने, चौथ्या कलमाचा आधार घेत मदत मागितली. आलं ते पाहणी करणारं पथक. तोवर रशिया युक्रेनमध्ये गुंतला होता. शिवाय एक तारीख अनेकांच्या नजरेतून सुटते: 22 फेब्रुवारी 2022. युक्रेनवरच्या आक्रमणाच्या दोनच दिवस आधी पुतिन आणि अझरबैजानचे राष्ट्राध्यक्ष अलीयेव यांनी मित्रत्वाच्या सहकार्याच्या जाहीरनाम्यावर सह्या केल्या होत्या. रशिया दोघांचाही मित्र होता आणि वर्षानुवर्षं दोघांनाही शस्त्रं विकत होता.

सप्टेंबर 2023 मध्ये अझरबैजानने एका दिवसाच्या कारवाईत 2020 मध्ये घ्यायचा राहिलेला काराबाख घेतला. रशियाचे शांतिसैनिक तिथेच होते. एक लाखाहून अधिक आर्मेनियन काही दिवसांत घरं सोडून निघाले. युतींबद्दल बोलताना ही माणसं विसरली जातात, हे मला फार खुपतं. आणि 1990च्या दशकातल्या पहिल्या युद्धात लाखो अझेरींनाही असंच उठून जावं लागलं होतं. एका बाजूचे विस्थापित मोजायचे आणि दुसऱ्या बाजूचे सोडून द्यायचे, हीसुद्धा चूकच आहे, आणि ती दोन्हीकडचे लोक करतात.

करार हाती आला की तीन गोष्टी तपासा. तो कुठल्या हद्दीला लागू आहे? मदतीचा निर्णय कोण घेतं? आणि तो मित्र आज दुसरीकडे अडकला आहे का?

'आर्मेनियाने रशियाला सोडलं' असं लिहू नका

फेब्रुवारी 2024 मध्ये आर्मेनियाचे पंतप्रधान पाशिन्यान यांनी त्या सुरक्षा संघटनेतला सहभाग गोठवल्याचं जाहीर केलं. गोठवणं आणि बाहेर पडणं यांत अंतर आहे. त्या घोषणेने ग्युमरीचा तळ हलला नाही, आणि रशियाच्या पुढाकाराने चालणाऱ्या युरेशियन आर्थिक संघातलं 2015 पासूनचं सदस्यत्वही कायम राहिलं. तुर्कस्तानने सीमा 1993 मध्ये बंद केली, अझरबैजानची त्याआधीच मिटली. चार शेजाऱ्यांपैकी दोनच दारं उघडी असताना कुणी एका दिवसात मोहरा फिरवत नाही.

आद्याक्षरी म्हणजे सही नव्हे

8 ऑगस्ट 2025ला वॉशिंग्टनमध्ये जे झालं त्याला सरसकट 'शांतता करार झाला' म्हटलं गेलं. प्रत्यक्षात ट्रम्प यांच्या साक्षीने अलीयेव आणि पाशिन्यान यांनी संयुक्त जाहीरनाम्यावर सह्या केल्या, आणि शांतता कराराच्या मसुद्यावर दोन परराष्ट्रमंत्र्यांनी आद्याक्षऱ्या केल्या. आद्याक्षरीचा अर्थ मजकूर ठरला. सही आणि संसदेची मंजुरी या पुढच्या पायऱ्या. मध्ये अट आहे बाकूची: आर्मेनियाची राज्यघटना बदला, कारण तिच्या प्रस्तावनेतून 1990च्या ज्या स्वातंत्र्य घोषणेचा उल्लेख येतो, तिच्यात काराबाखशी एकीकरणाचा संदर्भ आहे.

त्याच दिवशी स्युनिकमधून नखचिवानकडे, म्हणजे आर्मेनियाच्या पलीकडे तुटून पडलेल्या अझरबैजानच्या भागाकडे, जाणाऱ्या सुमारे 43 किलोमीटरच्या वाटेला ट्रम्प यांचं नाव मिळालं. हीच वाट बाकू 'झंगेझूर कॉरिडॉर' म्हणतो. येरेवानला 'कॉरिडॉर' शब्द नको, त्यात आपल्या सार्वभौमत्वाला धक्का दिसतो. स्तेपानाकर्त आणि खानकेंदी हीदेखील काराबाखमधल्या एकाच शहराची आर्मेनियन आणि अझेरी नावं आहेत. लेखकाने कुठलं नाव वापरलं ते पाहिलंत तर पुढचा मजकूर कुठून लिहिला आहे ते कळतं.

सगळं भारत-पाकिस्तानच्या चष्म्यातून पाहू नका

भारताचा संबंध खराच आहे. आर्मेनियाने घेतलेलं पिनाक रॉकेट पुण्याच्या पाषाणमधल्या डीआरडीओ प्रयोगशाळेत विकसित झालं, याचा अभिमान मलाही आहे. पण येरेवानने पिनाक घेतलं ते रशियाकडून शस्त्रं वेळेवर मिळेनात म्हणून. तो त्याचा स्वतःचा हिशेब. पाकिस्तानने आर्मेनियाला दशकानुदशकं मान्यताच दिली नव्हती, आणि 31 ऑगस्ट 2025ला चीनमधल्या तियानजिनमध्ये दोघांनी राजनैतिक संबंध जोडले. 'आर्मेनिया आपला' म्हणणाऱ्यांना तो विश्वासघात वाटला. पण ज्या देशाला आपली बंद दारं एकेक करून उघडायची आहेत, त्याने शत्रूच्या मित्राशी बोलणं सुरू करणं साहजिक होतं. भारताशी केलेले व्यवहार त्याने त्यासाठी मोडले नाहीत.

बातमी जुळत नसेल तेव्हा

निवेदनं बाजूला ठेवा आणि जमिनीवर काय हललं ते शोधा: कुठली चौकी उघडली, कुठल्या रुळांवरून गाडी धावली, गॅस कुठून आला. फेब्रुवारी 2023 मध्ये तुर्कस्तानात भूकंप झाला तेव्हा आर्मेनियाचे पाच ट्रक मदत घेऊन अराक्स नदीवरच्या मार्गारा पुलावरून पलीकडे गेले. तीस वर्षांत पहिल्यांदाच. दोन्ही देशांत तेव्हाही दूतावास नव्हते. पुढच्या वेळी 'ऐतिहासिक समेट' असा मथळा दिसला, की आधी त्या पुलावरून त्या आठवड्यात काय गेलं ते शोधा.