नेतृत्व करणाऱ्यांनो, भाषणातल्या या चुका टाळा

भाषण फसले की आवाज, ध्वनिव्यवस्था किंवा श्रोत्यांचा निरुत्साह यांवर खापर फोडले जाते. प्रत्यक्षात नेतृत्वाच्या जागेवरील माणसाचे बोलणे बहुधा एकाच कारणाने वाया जाते: आपल्याला जे ठाऊक आहे ते समोरच्यालाही ठाऊक आहे, असे तो नकळत धरून चालतो. 1990 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठात एलिझाबेथ न्यूटन यांनी एक प्रयोग केला. काही जणांनी सर्वपरिचित गाण्यांचा ठेका टेबलावर बोटांनी वाजवायचा आणि समोरच्यांनी गाणे ओळखायचे. निम्मी गाणी तरी ओळखली जातील, अशी वाजवणाऱ्यांची अटकळ होती. 120 पैकी ओळखली गेली अवघी 3. वाजवणाऱ्याच्या डोक्यात अख्खे गाणे घुमत असते, ऐकणाऱ्याच्या कानावर मात्र नुसती टकटक पडते. सहा महिने बंद दाराआड खल करून आलेला प्रमुख ‘पुनर्रचनेचा दुसरा टप्पा आपण हाती घेत आहोत’ असे म्हणतो, तेव्हा सभागृहातही तेवढेच ऐकू येते.

म्हणून मुद्दे काढण्याआधी एकच वाक्य कागदावर लिहावे: ही माणसे इथून बाहेर पडल्यावर काय वेगळे करणार आहेत? ते लिहिता येत नसेल, तर भाषणापेक्षा परिपत्रक बरे. लिहिता आले, तर पुनर्रचनेचे ते वरचे वाक्य आपोआप बदलते: ‘सोमवारपासून तक्रार नोंदवणारा आणि सोडवणारा माणूस एकच असेल, वरिष्ठांच्या सहीसाठी थांबावे लागणार नाही.’ मग हे भाषण विषयाशी संबंध नसलेल्या एखाद्याला ऐकवावे आणि ‘समजले का?’ असे न विचारता ‘काय समजले ते सांगा’ असे विचारावे. पहिल्या प्रश्नाला, विशेषतः तो वरिष्ठाने विचारला असेल तर, उत्तर नेहमी ‘हो’च येते.

दुसरी चूक कागदाची आहे, आणि ती दोन्ही टोकांना होते. लिहिलेले भाषण शब्दशः वाचणाऱ्याची नजर खाली राहते आणि डोळ्यांनी वाचायला बरी वाटणारी लांबलचक वाक्ये कानांना पेलत नाहीत. उलट, ‘मी उत्स्फूर्तच बोलतो’ असे अभिमानाने सांगणारे बहुधा भरकटतात. 28 ऑगस्ट 1963 रोजी वॉशिंग्टन येथे मार्टिन ल्यूथर किंग यांनी लिखित मसुदा बाजूला ठेवून ‘माझे एक स्वप्न आहे’ हा प्रसिद्ध भाग उच्चारला, हे सर्वांना माहीत असते. पण तीच कल्पना त्यांनी जूनमध्ये डेट्रॉइटच्या भाषणातही मांडली होती, याचा उल्लेख क्वचितच होतो. सुरुवातीची आणि शेवटची दोन-तीन वाक्ये तोंडपाठ असावीत, मधल्या भागासाठी मोठ्या अक्षरांत लिहिलेले चार-पाच मुद्दे पुरेत.

हातवाऱ्यांची चिंता मात्र कमी करावी. संवादात शब्दांचा वाटा 7 टक्केच, हे प्रशिक्षणवर्गांतले लाडके वाक्य मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांच्या 1967 मधील प्रयोगांवर बेतलेले आहे. ते प्रयोग मात्र आवड-नावड यांसारख्या भावना शब्द, सूर आणि चेहरा यांतून कशा पोहोचतात, एवढ्यापुरतेच होते. सुट्टीची तारीख किंवा अंदाजपत्रकातली कपात 93 टक्के सूर आणि हावभावांनी कळत नाही.

ध्वनिक्षेपकाची (माइकची) शिट्टी वाजू लागली, तर अनेक वक्ते त्याचे तोंड हाताने झाकतात आणि शिट्टी आणखी वाढते. स्पीकरमधून आलेला आवाज पुन्हा ध्वनिक्षेपकात शिरून फिरत राहतो म्हणून ती वाजते. तेव्हा स्पीकरच्या समोरून बाजूला सरकावे, ध्वनिक्षेपक तोंडाजवळ आणावा आणि यंत्रणा सांभाळणाऱ्याला आवाज कमी करण्याची खूण करावी.

सर्वाधिक नुकसान प्रश्नोत्तरांत होते, कारण तिथे तयारीचे कवच नसते. प्रश्न पुरता होण्याआधी उत्तर सुरू करणे, एका कडवट प्रश्नावर दहा मिनिटे स्वतःची बाजू मांडणे आणि माहीत नसताना मोघम बोलणे, या तिन्ही गोष्टी श्रोते लगेच हेरतात. मागच्या रांगेला ऐकू जावा म्हणून प्रश्न आधी मोठ्याने पुन्हा म्हणावा. त्यात विचार करायलाही चार क्षण मिळतात. उत्तर ठाऊक नसेल, तर ‘आत्ता माहीत नाही, शुक्रवारी दुपारपर्यंत कळवतो’ असे स्पष्ट सांगावे, आणि माहिती तोवर हाती आली नाही तरी शुक्रवारी दुपारी तेवढे कळवावेच.