डोमेन ट्रान्सफर: आधी नाव बघा, मग कोड मागा

वेबसाइटची कामं नुकतीच घ्यायला लागलेली मुलंमुली मला विचारतात, गिऱ्हाइकाचं डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव, एका रजिस्ट्रारकडून (नाव नोंदवणाऱ्या कंपनीकडून) दुसऱ्याकडे न्यायला किती वेळ लागतो? सगळं जागच्या जागी असेल तर पाच दिवसांत होतं. माझ्या पहिल्या ट्रान्सफरला पावणेतीन महिने लागले. त्यातला तांत्रिक भाग दोन संध्याकाळींचा होता. बाकी सगळा वेळ एका प्रश्नात गेला: हे डोमेन नक्की कुणाच्या नावावर आहे?

२०२३ सालची गोष्ट. राखी पौर्णिमा होऊन दोन दिवस झाले होते. पुण्यात कुमठेकर रस्त्याच्या मागच्या गल्लीत एका काकूंचा घरगुती फराळाचा व्यवसाय आहे. चकली, कडबोळी, अनारसे, चिवडा. मदतीला चार बायका. निम्म्याहून जास्त डबे परदेशी जातात. मुलं-नातवंडं तिकडे असलेली माणसं ईमेलवर ऑर्डर देतात आणि गणपती उठले की पार्सलं सुरू होतात. काकूंना वेबसाइट नवी करून हवी होती. जुनी करून देणारा मुलगा बंगळुरूला गेला होता, आणि डोमेनचं नूतनीकरण दरवर्षी महाग होत चाललं होतं.

"नाव आपलंच आहे गं. दरवर्षी पैसे मीच भरते," काकू म्हणाल्या. पावत्याही होत्या, प्लॅस्टिकच्या पिशवीत सालवार लावलेल्या.

मी त्या पावत्यांवर विश्वास ठेवला. शेतसारा तुम्ही वर्षानुवर्षं भरलात म्हणून सातबाऱ्यावर तुमचं नाव आपोआप चढत नाही, हे आपल्याकडे शाळकरी पोरालाही माहीत असतं. डोमेनचंही तसंच आहे. पैसे कोण भरतं याला तिथे फारशी किंमत नाही. नोंदणीत मालक म्हणून कुणाचं नाव आहे आणि त्यापुढे कोणता ईमेल आहे, एवढंच चालतं.

घरी येऊन मी नोंदणीची माहिती काढली. हे कुणालाही फुकट बघता येतं. पूर्वी त्याला हूइज म्हणायचे, जानेवारी २०२५ पासून डॉट कॉमसारख्या नावांसाठी त्याची जागा अधिकृतपणे आरडॅपने घेतली आहे. तिथे चार गोष्टी दिसल्या. पावत्या ज्या दुकानाच्या होत्या ते दुकान रजिस्ट्रार नव्हतंच, नुसता रीसेलर, म्हणजे रजिस्ट्रारची नावं पुढे विकणारा, होता, आणि तो धंदा बंद करून गेला होता. खरा रजिस्ट्रार तिसराच. मालकाचं नाव प्रायव्हसी सेवेखाली झाकलेलं. स्टेटसमध्ये 'क्लायंट ट्रान्सफर प्रोहिबिटेड', म्हणजे कुलूप. हे बहुतेक डोमेनला असतंच, खात्यात शिरता आलं की काढता येतं. आणि मुदत: ६ ऑक्टोबर.

ही उतरंड नीट समजून घ्या, कारण तक्रार कुठे करायची ते तिच्यावर ठरतं. सगळ्यात वर रजिस्ट्री, म्हणजे नावांची मूळ नोंदवही सांभाळणारी संस्था; डॉट कॉमसाठी ती व्हेरीसाइन. तिच्या हाताखाली रजिस्ट्रार, ज्यांना आयकॅनची, म्हणजे डोमेनचे नियम ठरवणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेची, मान्यता लागते. त्यांच्या खाली रीसेलर. रीसेलर गायब झाला म्हणून घाबरू नका. डोमेन रजिस्ट्रारकडे सुरक्षित असतं, आणि थेट त्याच्याशी बोलायचा तुम्हाला हक्क आहे.

बंगळुरूच्या मुलाला फोन लावला. भला मुलगा, लगेच म्हणाला, "ताई, काय लागेल ते सांगा." पण डोमेन त्याने स्वतःच्या नावावर घेतलं होतं आणि ईमेल दिला होता तेव्हाच्या कंपनीचा. नोकरी सोडली तशी ती मेलपेटीही बंद झाली. नूतनीकरणाची आठवण करून देणारी पत्रं तिकडेच जात होती, पासवर्ड बदलायची लिंकही तिकडेच. त्याच्या मनात काही वाईट नव्हतं. घाईच्या दिवसांत जो ईमेल हाताशी होता तो त्याने टाकला, आणि पुण्यात असं घडलेल्या दहा तरी साइट मी त्यानंतर पाहिल्या आहेत. त्याने ओळखपत्र पाठवलं, रजिस्ट्रारच्या मदत-विभागाशी दोनदा बोलला आणि तीन दिवसांनी खातं आमच्या हाती आलं.

मग माझी चूक झाली, आणि हा भाग नीट वाचा.

४ सप्टेंबरच्या संध्याकाळी, खातं उघडताच, मी मालकाच्या जागी काकूंचं नाव आणि ईमेल टाकला. खात्रीसाठी विचारणा झाली तेव्हा काकू आणि तो मुलगा, दोघांनी हो म्हटलं. मला वाटलं, झालं काम. दुसऱ्या दिवशी ट्रान्सफरचा कोड, म्हणजे डोमेन न्यायला लागणारा पासवर्ड, मागितला तर उत्तर आलं: साठ दिवस थांबा.

आयकॅनच्या ट्रान्सफर धोरणात १ डिसेंबर २०१६ पासून हा नियम आहे. मालकाचं नाव, संस्था किंवा ईमेल बदलला की डोमेन साठ दिवस दुसऱ्या रजिस्ट्रारकडे नेता येत नाही. चोराने खात्यात शिरून नाव बदलावं आणि लगेच डोमेन पळवावं, असं होऊ नये हा त्यामागचा हेतू. हेतू चांगला आहे, त्याबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती सांगण्याच्या पद्धतीबद्दल. बदल करण्याआधीच 'हे कुलूप नको' असं निवडायची सोय रजिस्ट्रार देऊ शकतो, आणि आमच्या फॉर्मवर ती होती. अगदी तळाला, बारीक अक्षरात, एक चौकोन. मी तो वाचला नाही. कुलूप पडल्यावर माघार नसते.

म्हणून क्रम लक्षात ठेवा. जुन्या मालकाचा ईमेल जिवंत असेल तर आधी डोमेन नव्या रजिस्ट्रारकडे न्या, नाव मग बदला. ईमेल मेलेला असेल, जसा आमचा होता, तर नाव आधी बदलावंच लागतं. तेव्हा तो चौकोन शोधा, आणि सापडला नाही तर बदल करण्याआधी मदत-विभागाला लेखी विचारा. डोमेन नवं घेतलं किंवा नुकतंच एकदा हलवलं, तरीही साठ दिवस जाऊ द्यावे लागू शकतात, तेही मोजा.

४ सप्टेंबर अधिक साठ दिवस म्हणजे ३ नोव्हेंबर. मुदत मात्र ६ ऑक्टोबरलाच संपत होती. म्हणजे ज्या महाग नूतनीकरणातून सुटायला निघालो होतो ते भरणं भागच होतं. काकूंना हे सांगायला मी स्वतः गेले, फोनवर सांगायला धीर झाला नाही. त्या एवढंच म्हणाल्या, "ऑर्डरी बंद पडायला नकोत बाई."

इथे बरेच जण विचार करतात की मुदत संपू दे, डॉट कॉमला नंतर पंचेचाळीस दिवसांपर्यंत सवलत असते, तेवढ्यात ट्रान्सफर करू. तसं करू नका. सवलत किती द्यायची ते रजिस्ट्रार ठरवतो, आणि मुदत संपताच साइट व मेल दोन्ही बंद पडू शकतात. सवलत संपली की तीस दिवस रिडेम्प्शन. त्यात ट्रान्सफर होत नाही, डोमेन सोडवायला जबर दंड पडतो. त्यानंतर पाच दिवसांनी नाव मोकळं होतं आणि कुणीही घेऊ शकतं. आणखी एक बारकावा: मुदत संपल्यावर आपोआप वाढलेलं वर्ष त्याच सवलतीच्या काळात ट्रान्सफर केल्यास रद्द होतं, आणि तुम्ही भरलेले पैसे परत मिळवायला जुन्या रजिस्ट्रारच्या मागे लागावं लागतं. मुदतीच्या आत स्वतःहून वाढवलेलं वर्ष मात्र टिकतं, आणि ट्रान्सफरचं एक वर्ष त्यावर मिळतं (एकूण दहा वर्षांच्या मर्यादेत). आम्ही गणपतीच्या आधीच पैसे भरून टाकले.

ऑटो-रिन्यूवरही विसंबू नका. रिझर्व्ह बँकेचे आवर्ती पेमेंटचे नियम १ ऑक्टोबर २०२१ पासून लागू झाले, तेव्हापासून परदेशी रजिस्ट्रारकडे नोंदवलेल्या भारतीय कार्डावरून पैसे आपोआप कापले जातीलच असं नाही. कापले गेले नाहीत तर कळवणारं पत्र पुन्हा त्याच ईमेलवर जातं, आणि तो ईमेल कुणाचा आहे हा प्रश्न पुन्हा येतो.

साठ दिवस आम्ही वाया घालवले नाहीत. काकूंच्या डोमेनचं डीएनएस, म्हणजे साइट आणि मेल कोणत्या सर्व्हरवर आहेत ते सांगणाऱ्या नोंदी, जुन्या रजिस्ट्रारकडेच होतं. ट्रान्सफरमध्ये नेमसर्व्हरची (या नोंदी ठेवणाऱ्या सर्व्हरची) नावं तशीच राहतात, त्यामुळे वाटतं की काही बदलणार नाही. पण डोमेन गेल्यावर जुना रजिस्ट्रार त्याच्याकडच्या नोंदी केव्हाही पुसू शकतो, मग साइटबरोबर मेलही जातो. मी सगळ्या नोंदी एका स्वतंत्र डीएनएस सेवेवर हाताने उतरवून घेतल्या. साइटचा पत्ता सांगणाऱ्या ए आणि सीनेम नोंदी सगळेच उतरवतात. मेलसाठीच्या एमएक्स, एसपीएफ आणि डीकेआयएम नोंदी विसरल्या जातात. काकूंचा धंदा मेलवर चालतो, म्हणून साइटपेक्षा एमएक्सकडे माझं जास्त लक्ष होतं. डीएनएसएसईसी (नोंदी खऱ्या असल्याची डिजिटल सही) चालू असेल तर नेमसर्व्हर बदलायच्या आधी बंद करा, नाहीतर साइट कित्येकांना दिसेनाशी होते.

३ नोव्हेंबरला कुलूप उघडलं, पण दिवाळी तोंडावर होती. ऐन सणात मी कुठल्याच गिऱ्हाइकाच्या मेलला हात लावत नाही. भाऊबीज झाल्यावर, १६ तारखेला, नेमसर्व्हर बदलले. डॉट कॉमची ही नोंद ठिकठिकाणच्या सर्व्हरच्या साठ्यात दोन दिवसांपर्यंत जुनीच राहू शकते, म्हणून शनिवार-रविवार जाऊ दिला. अमेरिकेतल्या एका गिऱ्हाइकाला चाचणीचा मेल पाठवायला सांगितला, तो आला. मगच सोमवारी, २० तारखेला, कोड मागितला.

कोड काकूंच्या मेलवर आला. त्या फोनवर वाचून दाखवायला लागल्या.

"आता मोठा आय आहे की छोटा एल?" मी विचारलं.

"अगं, नुसती उभी रेघ आहे."

दोनदा टाइप केला, दोन्ही वेळा नव्या रजिस्ट्रारने नाकारला. शेवटी स्कूटर काढून त्यांच्या घरी गेले. स्वयंपाकघरात दिवाळीच्या मोठ्या कढया घासून पालथ्या घातल्या होत्या, ओट्याच्या कडेला लॅपटॉप. मेलमधून कोड कॉपी करून चिकटवला, तरी नाही. नोटपॅडमध्ये टाकून पाहिला तेव्हा दिसलं की शेवटी एक रिकामी जागा कॉपी होऊन आली आहे. ती काढली आणि कोड लागला. कोड कधीही तोंडी घेऊ नका, आणि व्हॉट्सॲपवर तर मुळीच फिरवू नका. ज्याच्या हाती कोड आणि उघडं कुलूप आहे, तो डोमेन नेऊ शकतो.

कोड मागितल्यावर पाच दिवसांत तो देणं रजिस्ट्रारवर बंधनकारक आहे. 'आधी पुढच्या वर्षाचे पैसे भरा' म्हणून अडवता येत नाही. टाळाटाळ झाली तर आयकॅनच्या संकेतस्थळावर ट्रान्सफरच्या तक्रारीचा स्वतंत्र अर्ज आहे. सगळा पत्रव्यवहार लेखी ठेवा, तारखा त्यातूनच सिद्ध होतात. हे सगळं डॉट कॉम, डॉट नेट, डॉट ऑर्गसारख्या नावांचं. डॉट इनचा कारभार निक्सी या भारतीय संस्थेकडे आहे, तिथे आयकॅनचं हे धोरण लागू नाही. डॉट इन हलवायचं असेल तर नव्या रजिस्ट्रारकडून नियम आधी लेखी मागवा.

त्याच रात्री जुन्या रजिस्ट्रारचं पत्र आलं: तुम्ही ही विनंती केली नसेल तर इथे दाबून रद्द करा. असं पत्र येणार आणि त्यातलं काही दाबायचं नाही, हे मी काकूंना आधीच सांगितलं होतं, ते बरं झालं. फसवणुकीच्या इतक्या बातम्या वाचून धास्तावलेलं माणूस पहिल्यांदा 'रद्द'च दाबतं, आणि मग सगळं पहिल्यापासून. उत्तर दिलं नाही तर पाच दिवसांनी ट्रान्सफर आपोआप मंजूर होतं.

२५ नोव्हेंबरला सकाळी पुन्हा नोंदणीची माहिती काढली. रजिस्ट्रार नवा, खातं काकूंच्या नावाचं, ईमेल त्यांच्या मुलाने काढून दिलेला, या डोमेनचा नसलेला. डोमेन बंद पडलं तरी तो मेल चालू राहायला हवा. मुदत: ६ ऑक्टोबर २०२५. आम्ही भरलेलं एक वर्ष आणि ट्रान्सफरचं एक.

आता कुठलंही काम घेताना दर सांगायच्या आधी मी तीन गोष्टी लेखी मागते: मालक म्हणून नोंदलेलं नाव, त्यापुढचा ईमेल आणि मुदतीची तारीख. उत्तर 'माहीत नाही' असेल तर ते शोधायचं काम कोटेशनमध्ये वेगळं लिहिते आणि त्याचे पैसे घेते. नवं डोमेन गिऱ्हाइकाला समोर बसवून, त्याच्याच खात्यातून, त्याच्याच कार्डावर घेते.

काकूंनी २५ नोव्हेंबरलाच ऑर्डरची वही उघडली. शेवटच्या पानावर साखर, बेसन, तुपाचे भाव लिहिलेले असतात. त्याच्या वर, लाल पेनने, त्यांनी मुदतीच्या आठवणीची तारीख लिहायला घेतली आणि विचारलं, "एक महिना आधीची लिहू की दोन?"

"दोन," मी म्हटलं.