सेवेतल्या विमान-इंजिनांची वाढ कशी मोजायची

इंजिन कंपनीचा आकडा हाती आला की आधी तो कशाचा आहे ते बघा: ऑर्डरचा, डिलिव्हरीचा, की आज विमानावर बसून उडणाऱ्या इंजिनांचा? जून २०१९ मध्ये इंडिगोने २८० विमानांसाठी सीएफएम या इंजिन-कंपनीच्या लीप-१ए इंजिनांची ऑर्डर दिली. बातमी एका दिवसात झाली, इंजिनं मात्र वर्षानुवर्षं येत राहिली.

मोजणी विमानापासून सुरू करा. इंदूरच्या बिजासन टेकरीवर संध्याकाळी उभं राहिलं की इंडिगोची एअरबस ए३२०निओ विमानं उतरताना दिसतात. रंगावरून काही कळत नाही, कारण याच ताफ्यात लीप इंजिनंही आहेत आणि प्रॅट अँड व्हिटनी कंपनीची जीटीएफ इंजिनंही. व्हीटीने सुरू होणारा नोंदणी क्रमांक टिपा आणि त्यावरून मॉडेलचं पूर्ण नाव काढा. ए३२०-२५१एन म्हणजे लीप, २७१एन म्हणजे प्रॅट. या तीन आकड्यांतला मधला आकडाच सगळं सांगतो. जुन्या ए३२०मध्ये तिथे १ असेल तर सीएफएम५६ इंजिन, ३ असेल तर व्ही२५०० इंजिन. बोइंगच्या ७३७ मॅक्सला इंजिनाचा पर्यायच नाही, लीप-१बी. इंजिनाच्या मागच्या कडेला करवतीसारखे दाते लांबूनही ओळखू येतात. एटीआर ७२-६०० या छोट्या विमानावर पीडब्ल्यू१२७ टर्बोप्रॉप, म्हणजे प्रॉपेलर फिरवणारं इंजिन असतं. ते जेटच्या बेरजेत घालू नका.

तक्त्यात एका विमानाला एक ओळ द्या, इंजिनाला नाही. इंजिनं उतरतात, दुरुस्तीच्या शॉपमध्ये जातात, त्यांच्या जागी दुसरी बसतात. सीरियल नंबरांच्या मागे लागलात तर महिन्याभरात गोंधळ होईल. रकाने पाच पुरेत: नोंदणी, मॉडेल, पहिल्या डिलिव्हरीची तारीख, स्थिती (उडतंय की उभं आहे), ती स्थिती कधीपासून. स्पेअर इंजिनांची बेरीज वेगळ्या पानावर ठेवा.

आता गणित. समजा, १ जानेवारीला स्पेअर धरून ३,००० इंजिनं होती. वर्षात २०० नवी विमानं, म्हणजे ४०० इंजिनं, शिवाय ४० नवी स्पेअर. ६० विमानं निवृत्त झाली, म्हणजे १२० इंजिनं उतरली, पण त्यातली ५० स्पेअर म्हणून ठेवली. म्हणजे खरी घट ७०ची. ३,००० + ४४० − ७० = ३,३७०; वाढ १२.३ टक्के. सगळी १२० वजा करणं ही नेहमीची चूक. जुनं विमान मोडीत निघालं तरी त्याचं इंजिन, सायकली (उड्डाण-उतरण्याच्या ठरलेल्या फेऱ्या) शिल्लक असतील तर, चांगल्या भावाने विकलं जातं.

स्थितीच्या रकान्यात मात्र आळस नको. जुलै २०२३ मध्ये जीटीएफच्या, धातूच्या पावडरपासून बनवलेल्या भागांतल्या दोषाची घोषणा झाली आणि पुढे शेकडो विमानं तपासणीसाठी जमिनीवर राहिली. डिलिव्हरीचा आकडा चढत होता, उडणारी इंजिनं तितकी वाढत नव्हती. म्हणून ‘उडणारी’ आणि ‘उभी’ अशा दोन बेरजा, एकाच तारखेच्या, शेजारी शेजारी लिहा. एअरलाइनचं सेवा-कंत्राट तासांवर असेल तर उड्डाण-तासांचा तिसरा रकानाही घ्या. कंपनीची कमाई त्याच्याशी बांधलेली असते.

सीएफएम ही जीई आणि साफ्रान यांची निम्म्या-निम्म्या भागीदारीतली कंपनी. लीप दोघांच्याही नावावर लिहिलं तर एकच इंजिन दोनदा मोजलं जाईल.