दोष क्वेरीचा नव्हता, डिस्कचा होता

पोस्टग्रेस या डेटाबेसमधला डेटा दीड टेराबाइटच्या पुढे गेला आणि रोज संध्याकाळी नोंदी तुंबू लागल्या. आधी मी क्वेरींनाच (डेटाबेसला विचारलेल्या प्रश्नांनाच) दोष दिला, शोध वेगवान करणारे दोन इंडेक्स वाढवले. प्रत्येक नोंदीसोबत तेही लिहावे लागतात, त्यामुळे लिहिणं आणखीच मंदावलं. शेवटी डिस्कवर पक्कं लिहिण्याचा वेग मोजणारं ‘पीजी_टेस्ट_एफसिंक’ चालवलं, तेव्हा लक्ष डिस्ककडे गेलं. तिथे रेड ५ होतं, म्हणजे अनेक डिस्क जोडून एखादी बिघडली तरी डेटा वाचवणारी मांडणी. त्यात छोट्याशा बदलासाठीही जुना डेटा आणि पॅरिटी (गेलेला डेटा परत काढण्यासाठीची जादा माहिती) वाचायची, मग दोन्ही पुन्हा लिहायचं, म्हणजे चार खेपा. जागा वाचवायला गेलो नि वेळ घालवून बसलो!

आता रेड १० केलं, त्यात पॅरिटीऐवजी डेटाची सरळ दुसरी प्रत ठेवतात. एसएसडी घेतल्या त्या वीज गेली तरी कॅशमधला डेटा सांभाळणाऱ्या, कपॅसिटरवाल्या. ‘रँडम_पेज_कॉस्ट’ (डिस्कवर इथून-तिथून वाचणं किती महाग धरायचं तो आकडा) ४ वरून १.१ वर आणला. ‘शेअर्ड_बफर्स’ (डेटा हाताशी ठेवायला पोस्टग्रेस वापरतं ती मेमरी) मूळचे १२८ एमबीच राहिले होते (लाजच वाटली), ते रॅमच्या पाव हिश्श्यावर नेले. संध्याकाळचे तक्रारींचे फोन थांबले.